यंत्र येते, विनियोग कोण ठरवतो?

6 सप्टेंबर 1556 या दिवशी गोव्याच्या बंदरात एक छापखाना उतरला. तो गोव्यासाठी नव्हताच. जेझुइट पाद्र्यांना तो अबिसीनियाला न्यायचा होता; तिकडची वाट अडली आणि यंत्र गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात लागले. भारतातला हा पहिला छापखाना. मराठीतले पहिले वृत्तपत्र, बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण', मुंबईत निघाले ते 6 जानेवारी 1832 रोजी. मधला काळ पावणेतीनशे वर्षांचा. गोवा ते मुंबई ही वाट गलबताने काही दिवसांची. छापखान्याला ती चालायला नऊ-दहा पिढ्या लागल्या.

ही तफावत सुरुवातीलाच सांगितली, कारण आज सर्वमान्य झालेल्या एका मताला ती पहिल्याच पावलाला ठेच लावते. खंडनाआधी ते मत नीट मांडले पाहिजे. प्रतिपक्षाचे बुजगावणे उभे करून त्याला काठी मारण्यात पुरुषार्थ नाही.

पूर्वपक्ष असा. तंत्रज्ञान आधी येते, समाज त्याच्यामागून बदलतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विल्यम ऑगबर्न यांनी 1922 साली या मताला शास्त्रीय रूप दिले: भौतिक साधने पुढे धावतात, कायदे, चालीरीती, विचार मागे रेंगाळतात, आणि समाजाचे बरेचसे दुखणे या अंतरातून येते. 1933 साली शिकागोला जागतिक प्रदर्शन भरले, त्याचे घोषवाक्यच अशा अर्थाचे होते की विज्ञानाने शोधावे, उद्योगाने राबवावे आणि माणसाने निमूट जुळवून घ्यावे. पुढे 1962 साली एव्हरेट रॉजर्स यांनी नव्या गोष्टी समाजात कशा पसरतात याचा आराखडा दिला. सर्वांत आधी स्वीकारणारे अडीच टक्के धाडसी, सर्वांत शेवटचे सोळा टक्के रेंगाळणारे, बाकीचे अधेमधे. आपल्याकडे हेच मत घरगुती वेशात वावरते. छापखाना आला आणि महाराष्ट्र जागा झाला. मोबाइल आला आणि कोळी-शेतकरी दलालाच्या तावडीतून सुटला. आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे, तेव्हा धावा, नाहीतर मागे राहाल.

या मताचे तीन पाय आहेत. एक, यंत्र हे कारण आणि समाजबदल हे कार्य. दोन, एका यंत्राचा परिणाम सगळीकडे एकच. तीन, जो उशिरा घेतो तो अडाणी. तिन्ही पाय तपासून पाहू.

पहिला पाय गोव्यातच लटपटतो. यंत्र होते, कारागीर होते, कागद होता. मराठीसुद्धा छापली गेली. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' 1616 साली रायतूरला छापून निघाले, तेही रोमन लिपीत. नंतर 1649 आणि 1654 साली त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. या छापील आवृत्त्यांपैकी आज एकही प्रत हाती नाही. मंगळूरला 1907 साली हे पुराण पुन्हा प्रसिद्ध झाले ते हस्तलिखितांवरून. छापलेले नाहीसे झाले आणि भाविकांनी हाताने उतरवून ठेवलेले टिकले. मुद्रण ज्ञानाला अमरत्व देते असे मानणाऱ्यांनी या पुराणाची कथा एकदा वाचावी.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो: देवनागरीचे खिळे पाडणे अवघड, जोडाक्षरे शेकड्यांनी, म्हणून खोळंबा झाला. अडचण खरी होती. सुरतेचे व्यापारी भीमजी पारेख यांच्या विनंतीवरून कंपनीने हेन्री हिल्स नावाचा मुद्रक धाडला, तो 1674 साली आला. छापणे त्याला येत होते, पण देशी अक्षरांचे खिळे पाडणे जमले नाही आणि बेत बारगळला. पण अडचण हेच कारण मानले तर तमिळचे काय करायचे? तमिळ अक्षरांचे खिळे त्याच्या जवळजवळ शतकभर आधीच पाडले गेले आणि 1578 साली कोल्लमला तमिळ पुस्तक छापूनही झाले. शेजारच्या लिपीसाठी जे जमले, ते गोव्यात कोणी नेटाने मागितले असते तर अडीच शतके अडून राहिले नसते. उलट 1684 साली गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढले की रयतेने तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज धरावी. ज्या राज्याला प्रजेची भाषाच नको, त्याला तिचे खिळे कशाला हवेत? गोव्यात तर छपाईच बंद पडली, ती पुन्हा सुरू झाली 1821 साली. यंत्राने राज्याला वाकवले नाही. राज्याने यंत्र गुंडाळून ठेवले.

मराठी राज्याचे काय? पेशव्यांच्या कारभारात कागदाला तोटा नव्हता. पुण्याच्या दफ्तरखान्यातले मोडी रुमाल आजही वाचून संपलेले नाहीत. पण त्या कागदांचा स्वभाव पाहा. सनद एकाला, तीवर शिक्का एकाचा. खलिता गुप्त. हिशेब एका परगण्याचा, एका सालाचा. कारकुनाचे सगळे कौशल्य एकेक अस्सल कागद सिद्ध करण्यात होते. छापखाना देतो हजार एकसारख्या नकला, आणि तशा नकलांची गरज त्या कारभारात जवळजवळ नव्हती. जिथे ती भासली तिथे हालचालही झाली. नाना फडणविसांच्या प्रेरणेने तांब्याच्या पत्र्यांवर भगवद्गीता कोरण्याचा उद्योग सुरू झाला आणि नानांच्या पश्चात 1805 साली मिरजेत ती छापूनही निघाली. एकसारख्या प्रती पुष्कळ असाव्यात असे त्या समाजाला वाटावे, असा हा ग्रंथ होता. त्याच 1805 साली तिकडे बंगालातल्या श्रीरामपूरला विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापले जात होते, कारण कंपनीच्या साहेबांना मराठी शिकवायची होती. दोन टोके, दोन प्रयोजने, एकच साल.

मग 1818 साली पेशवाई गेल्यानंतर चित्र पालटले ते कशाने? यंत्र तर जुनेच होते. नवे होते ते शाळा, परीक्षा, कायदे आणि मिशनरी. शंभर मुलांच्या हातात एकच अंकगणित हवे, प्रत्येक कचेरीत एकच नियमावली हवी, प्रत्येक बाजारात एकच पत्रक हवे. एकसारख्या प्रतींची भूक आधी तयार झाली, मग छापखाना भराभर पसरला. त्यातही पहिली मोठी मजल मारली शिळाछापाने, ज्यात लेखनिकाचे वळणदार हस्ताक्षर जसेच्या तसे दगडावर उतरत असे. छापखाना लोकांनी घेतला तो जुन्या हाताला धरून.

दुसरा पाय: एका यंत्राचा परिणाम एकच. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 साली पहिले छापील मराठी पंचांग काढले. शाईत चरबी असते म्हणून सोवळे मोडते, या शंकेवर त्यांनी तूप घातलेली शाई केली, असे सांगतात. 'दर्पण' निघायला तेव्हा वर्षभरही उरले नव्हते. एक यंत्र ग्रहणाचा स्पर्श-मोक्ष घरोघर पोचवत होते, तर दुसरे ग्रहण कशाने लागते हे समजावण्याच्या तयारीत होते. पुढे जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' 1873 साली निघाली आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' 1874 पासून; शास्त्रीबुवांनी तिच्यातून जोतीरावांवर झोड उठवली. दोघांचे शस्त्र एकच, छापील पान. जावजी दादाजींच्या निर्णयसागराने तर संस्कृत पोथ्या इतक्या देखण्या आणि शुद्ध छापल्या की काशीच्या पंडितालाही मोह पडावा. छापखान्याने प्रबोधन घडवले म्हणायचे, तर त्याच छापखान्याने सनातन्यांची पोथी घरोघर नेली हेही म्हणायला हवे. आणि जे दोन विरुद्ध गोष्टींचे सारखेच कारण ठरते, ते दोहोंतले एकीचेही पुरेसे कारण नसते. नैयायिक त्याला फार तर सहकारी कारण म्हणतील. चाकावाचून घडा होत नाही हे खरे. पण घडा की परळ हे चाक ठरवत नाही.

तिसरा पाय सर्वांत दुष्ट, कारण तो माणसांवर शिक्का मारतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावला 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर केला. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली, लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. तात्पर्यही ठरलेले: उद्योजक दूरदर्शी, शेतकरी खुळा. समजूत असेलही. पण नांगराकडे शेतकऱ्याच्या बांधावरून पाहा. लाकडी नांगर गावच्या सुताराने करायचा, फाळ लोहाराने शेवटायचा, आणि दोघांना त्याबद्दल खळ्यावर बलुते मिळायचे. रोकड लागत नसे. ओतीव लोखंडाचा नांगर मोडला तर तो गावच्या भात्यावर सांधत नाही. ओतीव लोखंड ठोकायला जावे तर तडकते. म्हणजे सुटा भाग रोख पैसे देऊन शहरातून आणायचा, तोही ऐन पेरणीच्या तोंडावर. ज्याच्या हातात रोकड सुगीनंतरच येते, त्याने थोडे थांबून शेजाऱ्याचे काय होते ते पाहिले, तर हा अडाणीपणा की हिशेब? नांगर चांगला होता म्हणूनच पुढे खपला आणि 1910 साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पण नांगर चांगला ठरला याचा अर्थ थांबणारा मूर्ख ठरला असा होत नाही.

रॉजर्स यांच्या आराखड्याचा मोठा आधार होता अमेरिकेतल्या आयोवा राज्याचा. संकरित मका शेतकऱ्यांनी कसा स्वीकारला याचा रायन आणि ग्रॉस यांचा तो अभ्यास 1943 साली प्रसिद्ध झाला. दोन वस्त्यांतल्या 259 शेतकऱ्यांपैकी दोघे सोडून सर्वांनी नवे बियाणे घेतले होते. अभ्यास बारकाईचा होता. पण जिथे शेवटी जवळजवळ सगळ्यांनी घेतले, तिथे 'उशीर' हाच एक प्रश्न उरतो आणि 'नकार' या शब्दाला जागाच राहत नाही. हे रॉजर्स यांनी स्वतःच पुढे मान्य केले: या संशोधनात नव्याच्या बाजूने कल आहे, आणि न घेणाऱ्यालाच दोष देण्याची खोड आहे. आपल्याकडे त्यांचा आराखडा आला, ही कबुली मागेच राहिली.

आता पूर्वपक्षाचा सर्वांत भक्कम पुरावा. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी 2007 साली केरळच्या किनाऱ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. कासरगोड, कण्णूर आणि कोळिकोड या तीन जिल्ह्यांत 1997 ते 2001 या काळात टप्प्याटप्प्याने मोबाइलचे जाळे पोचले. त्याआधी एका बंदरावर तारली फेकून द्यावी लागे आणि काही मैलांवर गिऱ्हाईक रिकाम्या टोपल्या घेऊन परते. समुद्रातूनच फोन करून भाव विचारता येऊ लागल्यावर बंदराबंदरांतल्या भावांतली तफावत कमालीची घटली, पाच ते आठ टक्के मासळी वाया जात होती ती जवळजवळ थांबली, मच्छीमारांचा नफा सरासरी आठ टक्क्यांनी वाढला आणि खाणाऱ्यालाही मासळी चार टक्क्यांनी स्वस्त मिळाली. हा अभ्यास जगभर गाजला. मोबाइल म्हणजे गरिबीवरचे औषध, अशा भाषणांत त्याचा दाखला हमखास येऊ लागला.

या आकड्यांशी माझे भांडण नाही. भांडण आहे त्यांवरून काढलेल्या सरसकट निष्कर्षाशी. जानकी श्रीनिवासन आणि जेना बरेल यांनी पुन्हा केरळच्या मच्छीमारांत जाऊन काम केले आणि 2013 साली आपले निष्कर्ष मांडले. बोट माल कुठे उतरवणार हे नुसत्या भावावर ठरत नाही, असे त्यांना दिसले. बोट कोणत्या प्रकारची, तिला कोणते बंदर सोयीचे, आणि लिलाव करणाऱ्याकडून घेतलेले पैसे कोणाचे, हेही ठरवते. ज्याने उचल दिली, त्याच्याच हातून लिलाव व्हायचा. ज्याच्या मानेवर कर्ज नाही तो फोनवर चार बंदरांचे भाव ऐकून बोट वळवतो. कर्जात बांधलेलाही तेच भाव ऐकतो, आणि बोट ठरल्या बंदरालाच लावतो. फोन दोघांच्याही कानाला असतो. फरक पडतो तो कर्जाने. आपल्या किनाऱ्यावर ज्याने तांडेलाचा आणि दलालाचा हिशेब एकदा तरी जवळून पाहिला आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

इथे प्रतिपक्ष विचारील: म्हणजे यंत्राला काहीच करणी नाही काय? ते निव्वळ मातीचा गोळा, समाजाने हवा तसा वळवावा? नाही. तसे म्हणणे ही दुसऱ्या टोकाची चूक होईल. यंत्राला वळण असते, आणि ते कधीकधी जिव्हारी लागते. मोडी लिपीचेच पाहा. हात न उचलता झरझर लिहिण्यासाठी जी लिपी घडली, तिच्या वळणांचे सुटे खिळे करणे जिकिरीचे. छापील पानावर बाळबोध बसली, मग शाळेत बसली, आणि मोडी दफ्तरखान्यात जाऊन पडली. मराठी माणूस आज स्वतःच्या पणजोबाचे खत वाचू शकत नाही, याला छापखाना जबाबदार नाही असे मी म्हणणार नाही. पण केरींचा मराठी कोश 1810 साली मोडी खिळ्यांतच छापला गेला होता, हेही विसरू नये. जड होते, अशक्य नव्हते. जडाला अशक्य मानून सोडून देणे हा निर्णय माणसांचा होता. यंत्राने फक्त एका बाजूला उतार दिला.

आता मंडन. त्यासाठी परदेशी सिद्धांताकडे जाण्याआधी मी आपल्या मीमांसकांच्या दारात उभा राहतो. यज्ञाच्या विधींचे त्यांनी चार प्रकार केले. उत्पत्तिविधी कर्माचे नुसते स्वरूप सांगतो: होम करावा. विनियोगविधी कोणती वस्तू कशाचे अंग आहे ते सांगतो: होम दह्याने करावा. दही तर घरात होतेच. ते होमाचे अंग आहे हे विनियोगाने ठरले. अधिकारविधी सांगतो की फळाचा स्वामी कोण. आणि प्रयोगविधी सांगतो की अंगे कोणत्या क्रमाने करायची. चारांवाचून कर्म पुरे होत नाही.

तंत्रज्ञानाबद्दलची आपली चर्चा पहिल्या विधीवरच अडकून पडली आहे. अमुक यंत्र निघाले, तमुक साली निघाले, अमक्याने काढले. इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी 2006 साली नेमकी हीच तक्रार केली: आपण शोधांचा इतिहास लिहितो आणि त्याला तंत्रज्ञानाचा इतिहास म्हणतो, वापराचा इतिहास लिहू लागलो की सायकल, पन्हळी पत्रा, घोडा अशा 'जुन्या' गोष्टी विसाव्या शतकाच्या मध्यभागी येऊन बसतात. दुसऱ्या महायुद्धातले जर्मन सैन्य आपल्याला रणगाड्यांमुळे आठवते. त्याची रसद मात्र लाखो घोडे ओढत होते.

उरलेले तीन प्रश्न लावून पाहा, किती उजेड पडतो. विनियोगाचा प्रश्न: हे कशाचे अंग झाले? फोन बोलण्यासाठी काढला. आपण त्याचा मिस्ड कॉल केला, न उचललेल्या घंटीत 'पोचलो', 'खाली ये', 'तू कर' असे अर्थ भरले आणि पैसे वाचवले. कोण्या अभियंत्याच्या आराखड्यात हा वापर नव्हता. क्रमाचा प्रश्न: आधी काय आले? मुंबईत शाळा आधी आल्या म्हणून छापखान्याला काम मिळाले. केरळात उचल आधी आली होती म्हणून काहींच्या हातातला फोन मुका राहिला. शाळेत टॅब आले की गुणवत्ता वाढेल असे म्हणणाऱ्याने वीज, शिक्षक आणि टॅब यांचा क्रम आधी सांगावा.

सर्वांत मोलाचा प्रश्न फलस्वाम्याचा. अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्‌झ कोवान यांनी 1983 च्या आपल्या ग्रंथात पिठाच्या गिरणीचा मागोवा घेतला. तिथे धान्य सोलणे, गिरणीवर नेणे ही कामे बाप्ये आणि पोरे करीत. तयार पीठ बाजारात आले तेव्हा त्यांची कामे सुटली. पांढऱ्या पिठाच्या फुगलेल्या पावाचा आणि केकचा सोस वाढला, आणि तो मळण्याभाजण्याचा भार बाईवर आला. आपल्याकडे दळण बाईचेच होते. पहाटे उठून जाते ओढण्याचे कष्ट गिरणीने हलके केले ते तिचेच. यंत्राचे काम दोन्हीकडे तेच, दाण्याचे पीठ करणे. एका देशात त्याचे फळ पुरुषाच्या पदरात पडले, दुसऱ्यात स्त्रीच्या. हा फरक गिरणीच्या दगडात शोधून सापडणार नाही. आधी दळत कोण होते, तिथेच तो सापडतो.

आणि त्या फळाची किंमतही कोणीतरी मोजली. जाते थांबले तशी जात्यावरची ओवीही थांबत चालली. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. जात्यावर बसलेली बाई तिथे मनातले सगळे बोलत होती: माहेर, सासर, लेक, विठ्ठल, आणि जातीपातीचा जाचही. गिरणीने कष्ट घेतले आणि त्याबरोबर बोलायची जागाही घेतली. ती जागा दुसरीकडे मिळाली का, हा प्रश्न यंत्राला विचारून उपयोग नाही. हातात ध्वनिमुद्रक घेऊन ओट्यावर बसावे लागते, तेव्हा तो विचारता येतो. वापराचे संशोधन म्हणजे हेच. आणि लक्षात घ्या, ओव्या वाचल्या त्याही एका यंत्रामुळे. पण ध्वनिमुद्रक गावोगावी सिनेमाची गाणी वाजवत फिरत होताच. तो ओवीसाठी लावणारी माणसे निघाली, म्हणून ओवी राहिली.

आता कोणी सांगितले की अमुक यंत्र तुमचे जग बदलणार आहे, तर त्याला उत्पत्तीची तारीख विचारू नये. ते कशाचे अंग होणार, कोणत्या क्रमाने येणार आणि फळ कोणाचे, एवढे विचारावे. उत्तर मिळेपर्यंत थांबणाऱ्याला रेंगाळणारा म्हणू नये.

जाते तर कालबाह्य झाले म्हणतात. लग्नघरात मात्र माळ्यावरून ते अजून खाली उतरते. त्याला सुपारी आणि हळकुंडे बांधतात, सवाष्णी खुंट्याला हात लावतात आणि चार मुठी हळद त्याच्यावर दळली जाते. दोन दारे पलीकडे गिरणी चालू असते, आणि हळद तिथे पाठवावी असे कोणालाच वाटत नाही.